माझंच सूप मी विकत घेतलं

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, कापणीच्या सणाच्या लिलावात, मी माझंच पाखडायचं सूप तीन हजार शंभर रुपयांना विकत घेतलं. हजर होते ते असे: माईक धरून बोली पुकारणारे फोरमन काका, जे पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झाले पण आवाज तिथलाच घेऊन आले, टेबलाच्या कडेला बसून बोली लिहून घेणारे आमच्या चर्चच्या मंडळीचे खजिनदार, पहिल्या रांगेत पाळकसाहेब, माझ्याविरुद्ध बोली चढवणारा नेहरू नगरचा ठेकेदार, माझ्या शेजारी आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, आणि चार खुर्च्या सोडून ताई. बाकी मंडळी दीडशेच्या आसपास असेल.

कुणाचंही नाव मी इथे लिहिणार नाही. एका बाईचं नाव भर मंडळीत घेतलं गेलं, म्हणून तर हे लिहायची वेळ आली.

मी कोहक्यात, प्लांटच्या शहरातल्या एका वस्तीत, राहते. घराच्या पुढच्या खोलीत शिवणवर्ग चालवते. वडील वर्ध्याकडून प्लांटच्या नोकरीसाठी इकडे हिंदी मुलखात आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. आमची मंडळी हिंदीत चालते. मराठी घरं मोजकीच, आणि त्यातली जवळची म्हणजे ताई. ताई माझी सख्खी बहीण नव्हे. ती जुनवानीला राहते, नेहरू नगरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. माझ्या मुलीच्या बारावीच्या वेळी तिने वर्षभर फुकट शिकवलं. माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा डबा तिच्या घरून यायचा. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे आहे ते वाचून कुणी तिला वाईट बाई समजेल. तसं नाही.

युगांडातल्या एका खेड्यात आमच्या मंडळीची ओळख आहे. तिथल्या बायकांना शाळेचे गणवेश शिवायला शिकवायचे, म्हणजे गावातच काम मिळेल, असं ठरलं. त्याच वर्षी सप्टेंबरात आम्ही तिघं महिनाभरासाठी गेलो: प्रवचनाला पाळकसाहेब, शिवणाला मी, आणि माझ्या तोंडाला ताई. माझं इंग्रजी आकड्यांपुरतं. इंच, पाव, अर्धा, पाऊण. त्यापुढे मी मुकी.

निघण्याआधी ताईने इथल्या सुपेला नावाच्या बाजारातून मोठी डबल मच्छरदाणी घेतली. सहाशे चाळीस रुपये. मी निम्मे द्यायला गेले तर म्हणाली, "राहू दे व. पळून चालली का मी?"

"हिशेब म्हणजे हिशेब, ताई."

"तुझा हिशेब मरेपर्यंत बाकी राहू दे. म्हणजे भेटायले येत राहशील."

ते तीनशे वीस रुपये हा मग आमचा महिनाभराचा खेळ झाला. मी घोरते म्हणून तक्रार केली की ती म्हणायची, मच्छरदाणी माझी आहे, निम्म्याचे पैसे अजून यायचे आहेत, बाहेर झोप.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईला सगळे मामा म्हणत. तिकडे मोठ्या बाईला मानाने मामा म्हणतात. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. ताईने इंग्रजीत समजावून सांगितलं की आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, तेव्हा ती बाई स्वतःच्या हनुवटीवर हात फिरवून म्हणाली, मग मला मिशा येईपर्यंत थांबा. साठीची, उंच, चालताना घाई नसलेली बाई. तिथल्या मंडळीतल्या बायकांची ती पुढारी. नवरा वारलेला, मुलगा शहरात, दोन नातवंडं तिच्याकडे.

माती तिथली लाल, अगदी आमच्या लोखंडाच्या खाणींच्या दल्लीकडच्यासारखी. कपडे धुतले तरी काठाला ती राहायचीच. आणि ज्वारी! मला कुणी सांगितलं नव्हतं की तिथे ज्वारी पिकते. मामाच्या घरात पिठाचा डबा उघडला आणि वास आला, तो आमच्या आईच्या घरचा. दुसऱ्या दिवशी लोखंडी झाकण उलटं चुलीवर ठेवून मी भाकरी थापली. ताई बाजूला उभी राहून बोलत होती, "पलट, पलट, फुगून राहिली!" मामाने ती फुगलेली भाकरी बघितली, बोटाने टोचली, वाफ निघाल्यावर हात मागे घेतला. मग शेंगदाण्याचं वाटण लावून खाल्ली आणि म्हणाली, हे चांगलं आहे, पण एवढ्याशा भाकरीसाठी एवढी मारझोड कशाला. पाळकसाहेबांनी त्या दिवशी पाच खाल्ल्या. ताई म्हणाली, आज प्रवचन लवकर संपेल, साहेबांना उभं राहता यायचं नाही. तसंच झालं.

मला तिथे दोन दिवस ताप आला. ताईने डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, आणि मी बडबडत होते तेव्हा म्हणे मी कुणाच्या तरी बाहीचं माप सांगत होते. हे ती पुढे सगळ्यांना सांगायची. ते सांगितलेलं मला आवडायचं.

वर्ग शाळेच्या एका खोलीत भरायचा. पाच मशिनी, अठरा बायका. मी इथून टेपा घेऊन गेले होते, एकेकीला एक दिली. गावच्या लोकांचा बेत असा होता: आम्ही गेल्यावर वर्ग मामाने चालवायचा, मशिनी तिच्या घरी राहतील, आणि शाळेच्या प्रत्येक गणवेशामागे तिला थोडी शिलाई मिळेल. त्यावर दोन नातवंडांची फी भागणार होती. ती कापायची सुरेख. पण टेप तिच्या गळ्यात नुसती लोंबायची. माप घ्यायची वेळ आली की ती कमरेचा दोरा काढायची, त्याला गाठी मारलेल्या असायच्या, आणि त्या गाठींवर कापड बरोबर उतरायचं. मी चौथ्या दिवशी टेप लावायला सांगितली. तिने लावली आणि शेजारच्या मुलीला म्हणाली, तू वाच, माझे डोळे आज दुखतात.

कोहक्याच्या माझ्या वर्गात दर वर्षी एखादी तरी बाई चष्मा घरी विसरून येते. तो चष्मा कधीच सापडत नाही. मला कळायचं ते कळलं.

दुपारी मी ताईला घेऊन मामाच्या अंगणात गेले. ती शेंगा सोलत होती, आम्हीही सोलायला बसलो. मी ताईला म्हटलं, "हळू विचार. लाजवू नको तिले."

ताईने फार चांगलं विचारलं. इंग्रजी मला कळलं नाही, पण सूर कळत होता. मामा बराच वेळ शेंगा फोडत राहिली. मग बोलली. ताई मला मराठीत सांगत गेली. मामाला वाचता येत नाही. पैसे मोजता येतात, शेंगांची पोती मोजता येतात, फक्त लिहिलेला आकडा आणि अक्षर येत नाही. उपासनेत ती उभी राहून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचते ते पाठ केलेलं असतं. शनिवारी नात दोन-तीनदा वाचून दाखवते, रविवारी मामा पुस्तक उघडून पान उलटते आणि बोलते. इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. आता टेप आली. वर्गातल्या बायकांना कळलं तर मशिनी तिच्याकडे राहणार नाहीत. दुकानदाराची बायको सातवी शिकलेली आहे आणि तिला त्या हव्यातच.

"ती म्हणते, हे आपल्या तिघींत राहील का?" ताईने सांगितलं.

मी मान हलवली. मामाला ते पुरलं नाही. तिने ढिगातून शोधून एक लांब शेंग काढली, तीन दाण्यांची. फोडली. एक दाणा मला दिला, एक ताईला, एक स्वतः खाल्ला. त्यांच्याकडे असं करतात का, की तिलाच सुचलं, मी विचारलं नाही. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला ते नीट आठवतं, म्हणून तर पुढचं पचत नाही.

त्यानंतर रोज दुपारी मी मामाला आकडे शिकवले. पाटी आणली तर लोक विचारतील, म्हणून तिने युक्ती काढली. तिच्याकडे गोल विणलेलं सूप होतं, आपल्यासारखं एका बाजूने उघडं नव्हे, थाळीसारखं. त्यात ज्वारीचं पीठ पसरायचं आणि बोटाने आकडा काढायचा. कुणी फाटकात आलं की सूप हलवायचं. आकडा गेला, पीठ पाखडणारी बाई राहिली.

एक, दोन, तीन असं शिकवलं तर तिला कंटाळा यायचा. माणसांवरून शिकवलं तेव्हा पटापट येऊ लागलं. अठ्ठावीस म्हणजे कोपऱ्यातली हडकुळी मुलगी, तिची छाती. चौतीस म्हणजे मी. छत्तीस म्हणजे ताई. ती म्हणाली, पस्तीस लिही, पण मामाने मान हलवून पिठात छत्तीसच काढले. आणि चव्वेचाळीस म्हणजे दुकानदाराची बायको. हा आकडा मामाला सगळ्यात आधी पाठ झाला. वर्ग चालू असताना ती बाई दारात आली की मामा माझ्या कानाशी येऊन इंग्रजीत म्हणायची, "फॉर्टी-फोर." आणि मग कापडावर मान खाली घालून दोघी हसायचो. एवढ्या वयाच्या दोन बायका, आणि शाळेतल्या पोरींसारख्या. मला त्या महिन्यातलं सगळ्यात जास्त हेच आठवतं, हे देवासमोरही सांगेन. प्रवचनं बरीच झाली. आठवतं ते फॉर्टी-फोर.

एका दुपारी ताईने फोनवर फोटो काढला. मामा सूप मांडीवर घेऊन, पिठात चव्वेचाळीस, हसता हसता एका हाताने तोंड झाकलेलं. मी म्हटलं, ताई, हा नको, पुसून टाक. तिने फोनवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "पुसला."

निघताना मामाला साठपर्यंत सगळे आकडे येत होते. शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांसमोर टेप लावून माझं माप घेतलं आणि मोठ्याने वाचलं. चौतीस. बरोबर होतं. मग ते सूप तिने वर्तमानपत्रात बांधून माझ्या हातात दिलं. माझ्या. ताईला तिने एक झबल्यासारखा झगा दिला, रंगीत, तिच्या मापाचा, छत्तीस.

परत आल्यावर ते सूप मी शिवणवर्गाच्या खोलीत खिळ्याला लावलं. वर्गातल्या बायका विचारायच्या, काकू, हे कशाचं? मी म्हणायची, पाखडायचं. तेवढंच.

आता कापणीच्या सणाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे त्या दिवशी घरोघरचे लोक पिकलेलं, केलेलं काही ना काही आणून पुढच्या टेबलावर ठेवतात. शेती कुणाची राहिलेली नाही. तरी भोपळा, पपई, अंडी, केक, लोणच्याची बरणी, एखादी कोंबडी, सगळं येतं. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. नियम एकच: टेबलावर ठेवलं ते देवाचं. मग ते परत उचलता येत नाही. आमच्या सासूबाईंनी एकदा लाडू स्टीलच्या डब्यात नेले, डबाही लिलावात गेला, आणि त्यांनी तो पंचवीस रुपयांना परत घेतला. मरेपर्यंत त्या डब्याला त्या "देवाचा डबा" म्हणत.

सणाच्या आधी दोन दिवस ताईचा फोन आला. मंडळीपुढे साक्ष द्यायची आहे, म्हणजे देवाने तिकडच्या महिन्यात काय केलं ते सांगायचं आहे, सूप दाखवायला दे. मी म्हटलं, काय बोलणार? ती म्हणाली, "भाकरीचं बोलतो ना. साहेबांनी पाच खाल्ल्या ते." मी सूप दिलं.

ताईने भाकरीचं सांगितलं. लोक हसले. पाळकसाहेबही हसले. मग पडद्यावर फोटो आला. मामा, मांडीवर सूप, पिठात चव्वेचाळीस, तोंडावर हात.

ताई हिंदीत बोलत होती. म्हणाली, ही तिथल्या बायकांची पुढारी. हिला अक्षर येत नव्हतं, आकडा येत नव्हता, अंधारात होती. चर्चमध्ये पुस्तक धरून वाचायचं नाटक करायची. तिचं नाव घेतलं. गावाचं नाव घेतलं. "और हमारी इस बहन ने," म्हणून माझंही नाव घेतलं, माझ्याकडे हात केला, "इसी सूपे में आटा बिछाकर उसको गिनती सिखाई. देखिए प्रभु किसको किस काम में लाते हैं!"

टाळ्या वाजल्या. लोक मागे वळून माझ्याकडे बघत होते. उपासना फोनवरून थेट दाखवतात, तो फोन स्टँडवर होता, त्याचा लाल दिवा मला दिसत होता. आमच्या घरच्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांना वाटलं मला भरून आलं.

नाटक करायची, हे शब्द मला सगळ्यात लागले. जी बाई अख्खं पान पाठ करते तिला नाटक करते म्हणायचं?

बोलून झाल्यावर ताईला माईक परत द्यायचा होता, टिपण आवरायचं होतं, म्हणून तिने सूप टेबलावर ठेवलं. भोपळ्याला टेकून. फोरमन काकांनी आधी अंडी विकली, मग कोंबडी, तिचा दोरा सुटून ती खुर्च्यांखाली गेली तेव्हा "पहले पकड़ो, फिर बोली लगाओ" झालं. मग त्यांनी सूप उचललं.

"अब देखिए, विदेशी सूपा! गवाही वाला सूपा! एक सौ एक से शुरू!"

ठेकेदाराने पाचशे म्हटलं. मी हात वर केला. सहाशे.

आमच्या घरचे कानाशी म्हणाले, "अवं, आपलंच सूप आपण कावून घेऊन राहिलो? ताईले सांग ना, परत दे म्हणून."

"टेबलावर ठेवलं ना तिनं."

"मग?"

"मग काय. हजार!"

ठेकेदाराला मजा वाटली. "भाभी खुद बोली लगा रही हैं, मतलब माल पक्का है," म्हणून त्याने दोन हजार केले. त्याचा काही दोष नव्हता, पैसे देवाच्या कामालाच जाणार होते. तो तीन हजारांवर गेला तेव्हा फोरमन काका म्हणाले, "ठेकेदार साहब, घर में पूछ लिया है?" सगळे हसले. मी तीन हजार शंभर म्हटलं. त्याने हात जोडले. "आपकी चीज़, आपको मुबारक."

पुन्हा टाळ्या. ताई सगळ्यात जास्त वाजवत होती, आणि तिचे डोळे ओले होते. तिला वाटत होतं, मी देवासाठी बोली लावली.

जेवणाच्या पंगतीत मी तिला बाजूला घेतलं. "तो व्हिडिओ काढायले सांग. आत्ताच्या आत्ता."

"कावून?"

"शेंग आठवते का तुले?"

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "अवं, ते तिथं, आपण इथं. तिले कोण सांगून राहिलं? आणि मी तिची स्तुतीच केली ना. तुझी पण केली. तुले तर कधी पुढे यायचंच नसते."

"फोटो पुसला म्हणे तू."

"एवढा सुंदर फोटो. पुसवला नाही गेला माझ्यानं."

"ताई, काढायले सांग."

"सांगतो, सांगतो. जेव तू आधी."

तिने सांगितलं नाही. उलट त्याच संध्याकाळी व्हिडिओखाली तिने इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, तिकडच्या लोकांना कळावं म्हणून. इंग्रजीची बाई आहे, चार ओळी लिहिणं तिला काही अवघड नाही. माझ्या मुलीने मला त्या वाचून दाखवल्या. मामाचं नाव होतं, तिला वाचता येत नव्हतं हेही होतं. माझं नाव होतं: हिने शिकवलं, हिच्या साक्षीने. आणि पाळकसाहेबांनी व्हिडिओची लिंक तिकडच्या पाळकांना पाठवून दिली होती, पुढच्या वर्षीच्या मदतीचं बोलणं चालू होतं म्हणून. मी फोन केला तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. व्हिडिओ निघाला. पण तोवर तो तिकडच्या बायकांच्या फोनवर गेला होता.

दहा-बारा दिवसांनी तिकडून पत्र आलं. त्यात सगळ्यांना नमस्कार, ख्रिस्तजन्माच्या शुभेच्छा, आणि एका ओळीत, वर्ग आता सोयीसाठी दुसऱ्या घरी हलवला आहे, मामा विश्रांती घेत आहेत. मी पाळकसाहेबांना म्हटलं, त्यांना लिहा ना, मामाला साठपर्यंत आकडे येतात, तिथल्या सगळ्या बायकांत कापड तीच चांगलं कापते. ते म्हणाले, ती त्यांची आतली गोष्ट, आपण इथून कसं बोलायचं? इथून बोललो तेव्हा मात्र कुणी असं म्हटलं नव्हतं.

मी मामाला फोन लावला. मुलीला शेजारी बसवलं नाही. माझ्या मोडक्या इंग्रजीतच बोलायचं ठरवलं. मधे कुणी असण्याचा अनुभव घेऊन झाला होता.

मामाने उचलला. माझा आवाज ओळखला. आमच्या घरच्यांचे गुडघे कसे आहेत, विचारलं. मग म्हणाली, "मशिनी फॉर्टी-फोरकडे गेल्या."

मी हसले नाही, तीही हसली नाही.

मी म्हटलं, मामा, मी नाही सांगितलं. मी नाही. हे एवढं इंग्रजी मला येतं.

ती म्हणाली, "तुझं नाव आहे तिथे." मग हळू, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून: "शेंगेत तीन दाणे होते. एक मी खाल्ला."

म्हणजे उरलेले दोन कुणाचे, आणि त्यातला कुठला सडका, हे तिने कशावरून ठरवायचं? तिच्यासाठी आम्ही दोघी एकाच मच्छरदाणीत झोपणाऱ्या, एकाच गावच्या बायका. मी ताईचं नाव सांगू शकले असते. सांगितलं नाही. त्याने मशिनी परत आल्या नसत्या, आणि माझ्या तोंडून आणखी एकीचं नाव तिकडे गेलं असतं. नातवंडांच्या फीचं विचारलं. ती म्हणाली, मुलगा बघतो आहे. त्यानंतर दोनदा फोन लावला. उचलते. बरी आहे म्हणते. गुडघ्यांचं विचारते. तिच्या घरून निघताना जी बाई मला दोन्ही हातांनी धरून उभी होती, ती फोनवर येत नाही.

सूप पुन्हा खिळ्याला लावलं होतं. आता वर्गातल्या बायका विचारत नाहीत, त्यांना सगळं ठाऊक आहे. व्हिडिओ त्यांनीही पाहिला. एक जण म्हणाली, "काकू, त्या आफ्रिकेतल्या अडाणी बाईचंच ना हे?" मी सूप काढून आतल्या खोलीत कपाटावर ठेवलं.

नाताळच्या आधीच्या रविवारी खजिनदारांकडे गेले आणि तीन हजार शंभर दिले. घरखर्चातून नव्हे, वर्गाच्या कमाईतून. त्यांनी पावती केली: सूप, नग एक. म्हणाले, काकू, तुमचंच होतं ना हे? मी म्हटलं, टेबलावर ठेवलं ते देवाचं. त्यांना ते आवडलं.

तिथूनच रिक्षाने जुनवानीला ताईकडे गेले. ताई घरात तो रंगीत झगा घालून करंज्यांचं सारण भाजत होती. मला बघून तिला आनंद झाला, तो खोटा नव्हता. बसवलं, चहा ठेवला, सारणाची चव बघायला दिली. वेलची जास्त झाली होती, मी तसं सांगितलं.

मग म्हणाली, "अजून राग धरून बसली का? मी प्रार्थना करून राहिली मामासाठी. रोज."

"तिले फोन केला का?"

"काय बोलू तिच्याशी?"

"इंग्रजी तर तुले येते."

तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "मी चांगलंच करायले गेली होती. तुले माहीत आहे."

"माहीत आहे मले."

"मग?"

मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. वाटेत रिक्षात जुळवलंही होतं: त्या दाण्याचं, पुसलेल्या फोटोचं, त्या चार ओळींचं. पण ती सारणाने माखलेले हात पुढे धरून उभी होती आणि तापात माझ्या कपाळावर होते ते हेच हात. मी पर्स उघडली. तीन शंभराच्या आणि दोन दहाच्या नोटा काढून, मोजून, सारणाच्या पातेल्याशेजारी ओट्यावर ठेवल्या.

"हे काय?"

"मच्छरदाणीचे. निम्मे."

ती नोटांकडे बघत राहिली. एकदम खाली बसली, स्टुलावर. "असं नको करू व," म्हणाली. "राहू दे ते बाकी."

मी चहा पिऊन उठले. कप धुऊन ठेवला, तिच्याकडे नेहमी ठेवते तसा.

एकूण दिले ते असे: मंडळीच्या खजिनदारांना सुपाचे तीन हजार शंभर, पावती घेऊन, आणि त्याच दिवशी, जुनवानीला, मच्छरदाणीच्या निम्म्या भागाचे तीनशे वीस रुपये, ताईला.